मुलगा रात्री साडेअकरापर्यंत जागा: मोबाईल काढून घेतला की झोप येईल का?

डिचोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. मुलगा ७ वर्षांचा, दुसरीत. शाळा सकाळची, बस ७.१५ ला दारात येते आणि त्याला ६.३० ला उठवताना रोज रडारड. दीडला शाळा सुटते, घरी येऊन जेवतो, अडीचला झोपतो तो पाच वाजता उठतो. संध्याकाळी थोडा अभ्यास, मग मोबाईल, जेवतानाही मोबाईल, जेवण झालं की आजीबरोबर टीव्ही. ९.३० ला अंथरुणावर घातला तरी ११.३० शिवाय डोळा लागत नाही, मग कंटाळून परत मोबाईल हातात दिला जातो. नवरा कळंगुटला हॉटेलात कामाला, रात्री पावणेअकराला घरी येतो. ताईंना विचारायचंय की हे ब्लू लाईटमुळे होतंय का, नाईट मोड लावला तर चालेल का, ब्लू लाईटचा चष्मा घ्यावा का, आणि कोणीतरी मेलाटोनिनच्या (झोपेच्या हार्मोनच्या) जेलीसारख्या चघळायच्या गोळ्या सुचवल्यात त्या द्याव्यात का.

ताई, मी फोंड्याला लहान मुलांचा डॉक्टर आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे इतक्या घरांतून येतो की तुम्ही एकट्या आहात असं अजिबात समजू नका. चष्मा घेऊ नका, गोळ्या देऊ नका, नाईट मोड लावायचा तर लावा पण त्याच्या भरवशावर राहू नका. मोबाईलचा वाटा आहे, नक्की आहे, पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मला मोबाईलच्या आधी दोन गोष्टी दिसल्या, दुपारची लांब झोप आणि बाबांची रात्री घरी यायची वेळ, आणि त्या तशाच ठेवून नुसता मोबाईल काढून घेतला तर मुलगा ११.३० पर्यंत मोबाईलशिवाय जागा राहील, एवढाच फरक पडेल.

जरा हिशोब करू. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप हवी, अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये हे आकडे दिले आणि आम्हीही तेच धरून चालतो. तुमचा मुलगा रात्री ११.३० ते ६.३० म्हणजे ७ तास झोपतो, आणि दुपारी अडीच तास. बेरीज साडेनऊ तास. म्हणजे झोप तशी फार कमी पडत नाहीये, ती अर्धवट दुपारी सरकलीये. म्हणून तर ९.३० ला त्याला झोप येत नाही, पाच वाजता उठलेल्या मुलाला जागं होऊन साडेचारच तास झालेले असतात. तो मुद्दाम त्रास देत नाहीये, त्याला खरंच झोप आलेली नसते. हे घरात सगळ्यांनी एकदा मनापासून मान्य केलं की रोज रात्रीची अर्धी भांडणं तिथेच कमी होतात.

झोप येण्यामागे शरीरात दोन गोष्टी काम करतात. एक म्हणजे झोपेची ओढ. माणूस जितका वेळ जागा तितकी ती साठत जाते, मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि झोपलं की ते उतरतं. संध्याकाळी सहाला पोटभर भजी खाल्लेल्या मुलाला आठला जेवायला बसवलं तर तो ताटात नुसता चिवडत बसतो, तसंच हे, दुपारच्या अडीच तासांनी रात्रीची ओढ खाऊन टाकलेली असते. दुसरी गोष्ट म्हणजे मेंदूतलं घड्याळ, जे प्रकाश बघून रोज थोडं थोडं मागेपुढे होतं. अंधार पडला की हे घड्याळ पिनिअल ग्रंथीला मेलाटोनिन सोडायला सांगतं आणि शरीराला कळतं की रात्र झाली. डोळ्यात काही खास पेशी असतात, त्यांचा बघण्याशी फारसा संबंध नाही, त्या फक्त उजेड किती आहे हे या घड्याळाला कळवतात, आणि त्यांना निळसर उजेड सगळ्यात जास्त कळतो. ब्लू लाईट ब्लू लाईट जे सगळीकडे ऐकू येतं त्याचं मूळ हे.

आता दुपारच्या झोपेबद्दल, कारण ही आपली गोव्याची खास अडचण आहे. शाळा दीडला सुटते, बाहेर ऊन रणरणतंय किंवा पाऊस कोसळतोय, बाजारसुद्धा एक ते साडेतीन-चार बंद, घरातले मोठेही जेवून जरा आडवे होतात. अशा वेळी मूल झोपणारच, आणि खरं सांगायचं तर आईलाही तेवढाच वेळ मिळतो. दुपारच्या झोपेला माझा विरोध नाही. ३-४ वर्षांच्या मुलांना ती लागते. पण बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आसपास दुपारची झोप आपोआप सोडतात, आणि तुमच्या मुलाची चालू आहे ती मला वाटतं गरज म्हणून कमी आणि रात्रीची भरपाई म्हणून जास्त. रात्री कमी झोपतो म्हणून दुपारी झोपतो, दुपारी झोपतो म्हणून रात्री जागतो. हे चक्र कुठेतरी तोडायला लागतं आणि माझ्या अनुभवात ते दुपारी तोडणं सगळ्यात सोपं. रात्री मूलही थकलेलं असतं, तुम्हीही, तेव्हा कुठलाच नवा नियम टिकत नाही.

एकदम बंद करू नका. आधी अर्ध्या-पाऊण तासावर आणा आणि काही झालं तरी साडेतीनच्या पुढे झोपू देऊ नका. पहिले काही दिवस तो सहा-साडेसहाला चिडचिडा होईल, सोफ्यावर, स्कूटरवर पुढे बसल्या बसल्या, कुठेही डुलक्या काढेल. त्या वेळी त्याला बाहेर काढा. अंगण, मैदान, देवळाचं आवार, शेजारची पोरं, सायकल, फुटबॉल, काहीही चालेल पण घरात बसवून ठेवू नका. संध्याकाळची ती एक डुलकी पूर्ण रात्र बिघडवते.

आता स्क्रीनकडे येऊ. इथे मी तीन गोष्टी वेगळ्या करतो, कारण लोक सगळं ब्लू लाईटच्या नावावर टाकतात आणि मग चष्मे विकत घेतात.

पहिली गोष्ट उजेड. लहान मुलांच्या डोळ्याचं भिंग स्वच्छ असतं आणि बाहुली मोठी, त्यामुळे तोच उजेड त्यांच्या डोळ्यात मोठ्यांपेक्षा जास्त आत जातो. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी ३ ते ५ वर्षांच्या मुलांना झोपायच्या आधी तासभर साधारण १,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेडात खेळवलं तर मेलाटोनिन सरासरी ८८ टक्के खाली गेलं, आणि उजेड बंद करून ५० मिनिटं झाली तरी बऱ्याच मुलांचं वर आलं नव्हतं, हा अभ्यास २०१८ चा. नंतर २०२२ मध्ये त्याच गटाने दाखवलं की या वयात अगदी मंद, ५ ते ४० लक्सच्या उजेडातही मेलाटोनिन बरंच खाली जातं. हे आकडे बघून घाबरायचं नाही, पण एक समजून घ्यायचं की हे फक्त मोबाईलपुरतं नाहीये. घरातली पांढरी एलईडी ट्यूब शंभर-दोनशे लक्स सहज देते. रात्री नऊला मोबाईल बंद करून पोराला हॉलमध्ये दोन ट्यूबलाईटच्या खाली बसवला तर त्याच्या घड्याळाच्या दृष्टीने अजून संध्याकाळच आहे. मी घरोघरी सांगतो की जेवणं झाली की मोठी ट्यूब बंद करा आणि एक पिवळा छोटा बल्ब लावा. खर्च किरकोळ आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही त्याने बरं वाटतं.

याची दुसरी बाजू कमी लोक सांगतात. दिवसा भरपूर उजेड मिळालेल्या माणसाचं मेलाटोनिन रात्रीच्या उजेडाने तुलनेने कमी दबतं. म्हणजे सकाळचा उजेड हा रात्रीच्या झोपेचा भाग आहे. घरातल्या शंभर-दोनशे लक्सच्या तुलनेत बाहेर उन्हात हजारो, कधी लाखाच्या घरात लक्स असतात, आणि जुलैत आभाळ गच्च भरलेलं असताना, पाऊस पडत असतानाही बाहेर घरातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त उजेड असतो. बस यायच्या दहा मिनिटं आधी त्याला घेऊन बाहेर उभ्या राहा, पाऊस असेल तर पडवीत बसा. आपल्याकडे जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे त्या दिवसांत बसच्या वेळेला जेमतेम उजाडलेलं असतं, तेव्हा सुट्टीत वर्गात न बसता मैदानावर जा असं त्याला सांगायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे स्क्रीनवर काय चाललंय. ही मला उजेडाइतकीच, मोठ्या मुलांमध्ये तर उजेडापेक्षा महत्त्वाची वाटते. न्यूझीलंडमध्ये ११ ते १४ वर्षांच्या मुलांच्या अंगावर आणि खोलीत कॅमेरे लावून एक अभ्यास झाला, २०२४ मध्ये छापून आला. त्यात असं दिसलं की झोपायच्या आधीच्या दोन तासांत स्क्रीन बघितला म्हणून त्या रात्रीची झोप फारशी कमी झाली नाही, पण अंथरुणात शिरल्यावर जो स्क्रीन वापरला त्याने झोप उशिरा लागली आणि कमी झाली, आणि त्यातही गेम, चॅटिंग, एकाच वेळी दोन स्क्रीन असलं काही असेल तर जास्तच. नुसतं बघत पडणं आणि बोटांनी खेळत राहणं यात फरक आहे. गेममध्ये पुढची लेव्हल असते, छोट्या व्हिडिओत पुढचा व्हिडिओ असतो, मेंदूला थांबायला जागाच मिळत नाही. सात वर्षांच्या मुलाला 'हे संपलं की बंद' म्हणून काही उपयोग नसतो कारण ते संपतच नाही. म्हणून ज्या घरात स्क्रीन द्यायचाच आहे तिथे मी सांगतो की ज्याला शेवट आहे ते द्या, वीस मिनिटांची एक गोष्ट, टीव्हीवर, लांबून, मोठ्यांबरोबर बसून, आणि ऑटोप्ले बंद करून. हातातल्या मोबाईलवर शॉर्ट्स हा सगळ्यात वाईट पर्याय, त्यात उजेडही डोळ्याजवळ, बोटही चालू, शेवटही नाही.

तिसरी गोष्ट साधी आहे, वेळ. स्क्रीन झोपेचा वेळ खातो. तुमच्या घरात ९.३० ते ११.३० मुलगा अंथरुणात तळमळतो आणि मग मोबाईल मिळतो. आता त्याच्या बाजूने बघा. तळमळलं की मोबाईल मिळतो हे त्याला पक्कं माहीत झालंय. म्हणजे झोप न येण्याला बक्षीस आहे. तुम्ही थकून देता हे मला पूर्ण समजतं, दिवसभर घर, नोकरी, सासूबाई, आणि नवरा अजून घरी नाही, अशा वेळी शांतता विकत घ्यावीशी वाटणारच. पण सगळ्यात आधी बंद करायचा स्क्रीन कुठला असं विचाराल तर हा अंथरुणातला. संध्याकाळचा मोबाईल पुढच्या महिन्यात बघू म्हटलं तरी चालेल, अंथरुणातला आजपासून बंद. घरातले सगळे फोन, तुमचा धरून, रात्री हॉलमध्ये चार्जिंगला. अलार्मसाठी फोन लागतो असं सगळे म्हणतात, साधं टेबलावरचं घड्याळ घ्या.

जेवतानाच्या मोबाईलवर थोडं बोलायलाच हवं कारण दवाखान्यात मी हे रोज ऐकतो आणि घरी गेलो की बघतोही. आई शेजारी बसून बांगड्याचे काटे एक एक करून काढतेय, भाताचा घास वळून पुढे धरतेय, पोरगं स्क्रीनवरची नजर न काढता तोंड उघडतं आणि गिळतं, काय खाल्लं ते त्याला ठाऊकच नसतं. असं जेवण पाऊण तास चालतं, नऊला सुरू होऊन पावणेदहाला संपतं, आणि मग आपण म्हणतो झोप का येत नाही. सात वर्षांचा मुलगा स्वतः जेवू शकतो. माशाचे काटे तुम्ही काढून द्या, घास त्याला घेऊ द्या. मोबाईल नसेल तर तो पहिले दोन-तीन दिवस कमी जेवेल, जेवू दे कमी. निरोगी मूल उपाशी राहत नाही, सकाळी भूक लागली की खाईल. आणि जेवण आठच्या आत आणा, हे एक केलं तरी पुढची सगळी रात्र तासभर अलीकडे येते.

आजीच्या टीव्हीवरून घरात वाद नको. सासूबाईंची साडेआठची मालिका बंद करा असं मी कधीच सांगत नाही, त्यांच्या दिवसातला तो एक आनंद असतो आणि त्यांच्याशी भांडून मिळालेली शांतता दोन दिवस टिकते. मुलाची जागा बदला. मालिका सुरू झाली की तो आतल्या खोलीत, दार लोटलेलं, आवाज जरा कमी. जमलं तर मालिकेच्या आधीची पंधरा मिनिटं आजीलाच द्या, त्यांच्या माहेरच्या गोष्टी, जत्रेतल्या, दशावतारी नाटकातल्या, रामाच्या, काहीही. नातवाच्या झोपेचं काम आजीकडे सोपवलं की आजी स्वतःच म्हणायला लागतात, चल आता उशीर झाला. एकाच खोलीचं घर असेल तर हे जमत नाही, तिथे मी टीव्ही नऊला बंद एवढं एकच मागतो, आणि तेसुद्धा महिनाभरासाठी.

आता तुमच्या प्रश्नातली एक ओळ, वडील पावणेअकराला येतात. मला ही सगळ्यात महत्त्वाची वाटली. तो मुलगा बहुतेक बाबांची वाट बघतोय. बाबा आले की गेटचा आवाज, दिवे, जेवण गरम करणं, गप्पा, कदाचित बाबांच्या फोनवर पाच मिनिटं गेम. दिवसात बाबा भेटायची त्याची ती एकच वेळ असेल तर कुठलाही नियम त्यापुढे टिकणार नाही आणि टिकूही नये. हॉटेलच्या शिफ्टवर असलेली कितीतरी घरं माझ्याकडे येतात, त्यांना मी सांगतो की बाबांची वेळ सकाळी हलवा. बाबांनी सकाळी सव्वासहाला उठून मुलाला उठवायचं, त्याच्याबरोबर चहा-दूध घ्यायचं, बसपर्यंत सोडायचं आणि बस गेल्यावर हवं तर परत झोपायचं. बाबांना हे जड जातं, मान्य आहे, रात्री बाराला झोपलेल्या माणसाला सव्वासहा म्हणजे शिक्षाच. पण सकाळी बाबा भेटणार हे कळलं की मुलाचं रात्रीचं जागणं बऱ्याचदा आपोआप सैल होतं, आणि उठवतानाची रडारडही कमी होते. रोज जमत नसेल तर ठरलेले तीन दिवस, पण ठरलेले. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी संध्याकाळ पूर्ण त्याची.

मग सुरुवात कशी करायची. इथे मी जे सांगतो ते ऐकून आया आधी चमकतात. ९.३० ला झोपवायचा हट्ट काही दिवस सोडा. त्याला आत्ता ११.३० ला झोप लागते ना, मग सव्वाअकराला अंथरुणावर घ्या, त्याआधी नाही. तोवर आतल्या खोलीत मंद उजेडात बसू दे, चित्रं काढू दे, पत्ते, पुस्तक, तुमच्या बरोबर उद्याचं दप्तर भरणं, स्क्रीन सोडून काहीही. अंथरुणावर पडलं की पंधरा-वीस मिनिटांत झोप लागते हे त्याच्या शरीराला पुन्हा शिकवायचंय, आत्ता त्याला अंथरुण म्हणजे दोन तास तळमळ असंच माहीत आहे. दोन-तीन रात्री असं लवकर झोपला की पंधरा मिनिटं अलीकडे या. परत दोन-तीन रात्री, परत पंधरा मिनिटं. मध्ये अडकला तर तिथेच चार दिवस थांबा, मागे जायला हरकत नाही. या हिशोबाने साडेनऊपर्यंत यायला तीन-चार आठवडे लागतात, कधी जास्त.

आणि हे सगळं ज्या खुंटीवर टांगलेलं आहे ती म्हणजे उठायची वेळ. साडेसहा म्हणजे साडेसहा. रविवारी फार तर सव्वासात. रात्री उशिरा झोपला म्हणून रविवारी साडेनऊपर्यंत झोपू दिलं की घड्याळ परत मागे सरकतं आणि सोमवारी सगळं पहिल्यापासून. मे महिन्याच्या सुट्टीत हे सगळ्यात जास्त बिघडतं, पोरं आजोळी जातात, रात्री बारापर्यंत दंगा, सकाळी दहाला उठणं, आणि शाळा सुरू झाली की माझ्याकडे 'झोपतच नाही' म्हणून रांग. शाळा सुरू व्हायच्या दोन आठवडे आधीपासून उठायची वेळ अलीकडे आणायला लागा. चतुर्थीला, शिगम्यात, गावच्या जत्रेला मुलं जागणारच आणि जागावीच, त्यात काही वाईट नाही, फक्त दुसऱ्या दिवशी उठायची वेळ तासाभराच्या वर घसरू देऊ नका, पाहिजे तर त्या एका दिवशी दुपारी थोडं झोपवा.

नाईट मोडबद्दल. स्क्रीन पिवळा होतो, निळा भाग थोडा कमी होतो, पण व्हिडिओ तोच, गेम तोच, वेळ तेवढाच. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीने २०२१ मध्ये तरुण मुलामुलींवर बघितलं तर नाईट शिफ्ट (आयफोनमधला नाईट मोड) चालू ठेवून फोन वापरणारे आणि बंद ठेवून वापरणारे यांच्या झोपेत फरक सापडला नाही. माझी भीती अशी की नाईट मोड लावला म्हणजे आता चालतं असं घरात ठरतं आणि मोबाईल उलट अर्धा तास जास्त मिळतो. चष्म्याचंही तेच, कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात झोपेवर त्याचा फायदा होतो असं ठामपणे म्हणण्यासारखं काही निघालं नाही. तेवढ्या पैशात पिवळा बल्ब, घड्याळ आणि चांगली गोष्टींची पुस्तकं येतात.

मेलाटोनिनच्या गोळ्यांवर मी जरा कडक आहे. मेलाटोनिन वाईट औषध नाही, ऑटिझम किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलेल्या काही मुलांना मी स्वतः देतो, पण मोजून, ठरलेल्या वेळेला, लक्ष ठेवून. ऑनलाईन मिळणाऱ्या जेलीच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. २०२३ मध्ये अमेरिकेत अशा २५ उत्पादनांची तपासणी झाली, त्यातल्या २२ मध्ये लेबलवर लिहिलेलं प्रमाण आणि आतलं प्रमाण जुळलं नाही. त्यात चवीला गोळी चॉकलेटसारखी, घरात उघडी राहिली तर धाकटं भावंडं मूठभर खाऊन बसेल. आणि तुमच्या मुलाला मेलाटोनिन कमी पडतंय असं मला कुठेच दिसत नाहीये, त्याचं ते येतंय, उशिरा येतंय.

आता काही गोष्टी अशा आहेत की त्या असतील तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवून मुलाला आधी डॉक्टरांना दाखवा. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरतो, तोंड उघडं ठेवून झोपतो, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो, घामाघूम होतो, तर टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) बघायला लागतात. आपल्याकडच्या दमट हवेत, बुरशी धरलेल्या भिंतींच्या खोल्यांत, नाक सतत चोंदलेली मुलं खूप असतात आणि त्यांच्या आईवडिलांना ते नेहमीचं वाटायला लागतं. रात्री पायात वळवळ होते, पाय चोळून दे म्हणतो, तर लोह कमी आहे का ते रक्त तपासून बघायचं, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) धरून. रात्रीचा खोकला असेल तर दमा. सुटलेलं अंथरुण ओलं करणं परत सुरू झालं, किंवा पूर्ण झोपूनही वर्गात पेंगतो, तरीही दाखवा. शाळेत कोणी त्रास देतंय का, हेही एकदा शांतपणे विचारा, भीती असलेलं मूल रात्रीच जास्त जागतं. आणि दुपारचा कडक चहा, कोला देत असाल तर बंद करा, गोव्यात लहान मुलांना चहा सहज दिला जातो आणि संध्याकाळी पाचचा कप रात्री दहाला अजून अंगात असतो.

वय वेगळं असेल तर उत्तरही बदलतं, म्हणून वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स तेच सांगते, फक्त लांबच्या माणसांशी व्हिडिओ कॉल चालतो. २ ते ५ वर्षं दिवसाला जास्तीत जास्त एक तास, ५ ते १० ला दोन तासांच्या आत, आणि झोपायच्या आधीचा तास रिकामा. तेरा-चौदाच्या पुढे मात्र मुलांचं घड्याळ वयामुळेच उशिरा सरकतं, दहावीतला मुलगा अकराला ताजातवाना असेल तर सगळं इन्स्टाग्रामवर ढकलू नका. त्याच्याशी भांडण्याऐवजी फोन रात्री खोलीबाहेर ठेवायचा हा एकच करार करा आणि तो करार आईबाबांनीही पाळा.

ताई, तुम्ही आजपासून करायचं ते एवढंच: अंथरुणातला मोबाईल बंद, दुपारची झोप साडेतीनला संपवणं, आणि उठायची वेळ पक्की. बाकीचं पुढच्या आठवड्यापासून एक एक. एका वहीत रोज चार नोंदी लिहा, कधी उठला, दुपारी किती झोपला, शेवटचा स्क्रीन कधी, डोळा कधी लागला. चार-पाच आठवड्यांनी वेळ सरकलेली दिसली नाही तर ती वही घेऊन जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा. आणि झोपल्यावर तो श्वास कसा घेतो याचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढून न्या, तोंडी सांगण्यापेक्षा त्यातून आम्हाला कितीतरी जास्त कळतं.